मंगळावरच्या वसाहतीनं बंड केलं तर पृथ्वीला ते मोडता येईल का?

प्रश्न असा आलाय: साधारण दीडशे वर्षांनंतर मंगळावर पाच लाख लोक राहतायत, त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, पृथ्वीवरची सरकारं चिडून लढाऊ ताफा पाठवतात, तर असं युद्ध खरंच होऊ शकेल का आणि झालंच तर कोण जिंकेल. कादंबरीसाठी हवंय आणि विज्ञान होईल तितकं खरं पाहिजे असंही लिहिलंय. मी सैन्यात कधी नव्हतो, माझी सगळी नोकरी कक्षा आखण्यात आणि इंधनाचे हिशोब लावण्यात गेली, त्यामुळे डावपेचांबद्दल मी फार शहाणपणा करणार नाही. पण ताफा निघणार कधी, पोचणार कधी आणि पोचल्यावर टाकीत उरणार काय हे सांगू शकतो, आणि माझ्या मते एवढं कळलं की बाकीचं युद्ध बऱ्यापैकी त्यातच ठरून जातं.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर मंगळावरची वसाहत नष्ट करणं अवघड नाही, ती जिंकून ताब्यात घेणं जवळपास अशक्य आहे, आणि प्रत्यक्षात जे होईल ते नाकेबंदीच्या अंगानं होईल. चंद्राचं आणि पृथ्वीभोवतीच्या स्टेशनांचं गणित वेगळं, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी तारीख. मंगळाकडे मनात आलं की निघता येत नाही. दोन्ही ग्रह सूर्याभोवती आपापल्या वेगानं फिरतायत, सोयीची मांडणी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि ती विंडो काही आठवड्यांची असते. आमच्या धंद्यात यासाठी एक आलेख काढतात, पोर्कचॉप प्लॉट म्हणतात त्याला, आडव्या अक्षावर निघायची तारीख, उभ्यावर पोचायची, आणि मधे लागणाऱ्या ऊर्जेच्या समोच्च रेषा, भूगोलाच्या नकाशात डोंगराच्या असतात तशा. दरीत उतरलात तर स्वस्तात जाता, सहा ते नऊ महिने लागतात. दरी सोडून तारीख तीन-चार महिने इकडेतिकडे केलीत की रेषा अशा चढतात की आज वापरात असलेल्या रॉकेटांना जड सामान घेऊन तिथं पोचणं जमत नाही. नासाचं इनसाइट यान मार्च २०१६ ला निघायचं होतं, भूकंपमापकाच्या निर्वात डब्यात गळती निघाली, ती वेळेत दुरुस्त होईना, तर यान निघालं थेट मे २०१८ मध्ये. एका गळतीपायी २६ महिने गेले. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरची गोष्ट तर तुमच्या विषयाला अगदी लागू पडते, तो २०२२ मध्ये रशियन रॉकेटवरून जायचा होता, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, युरोपनं रशियाशी सहकार्य थांबवलं आणि रोव्हर पृथ्वीवरच राहिला, आता २०२८ चं बोलतायत. म्हणजे युद्धामुळे मंगळाची मोहीम अडली हे आधीच होऊन गेलंय, फक्त युद्ध जमिनीवरचं होतं.

यातली गोम अशी की हा आलेख बंडखोरांकडेही असतो. तुमचा ताफा कुठल्या महिन्यात येणार हे त्यांना दहा वर्षं आधीच माहीत असतं. शहाणा बंडखोर विंडो बंद झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात स्वातंत्र्य जाहीर करेल, की पुढचे दोन वर्षं कुणी निघू शकत नाही आणि त्यावर प्रवासाचे सात-आठ महिने वेगळे. जवळजवळ तीन वर्षं मिळाली तयारीला.

कोकण-गोव्याच्या वाचकांना हे नवीन वाटायला नको. पोर्तुगीजांचा ताफा लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास सुटायचा, आफ्रिकेला वळसा घालून नैऋत्य मोसमी वारा धरायचा आणि सप्टेंबरच्या आसपास गोव्यात लागायचा, वारा हुकला की मोझांबिकला ताटकळत बसायचं. परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत. पत्र लिहून त्याचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं. १६८३ मध्ये संभाजीराजे गोव्यावर चालून गेले तेव्हा व्हाइसरॉयला लिस्बनची मदत मागण्यात काही अर्थच नव्हता, जी काय शिबंदी हाताशी होती तिच्यावरच भागवायचं होतं, आणि मागून मुघल फौज आली म्हणून मराठ्यांना वळावं लागलं. राजधानी लांब आणि रस्ता ऋतूवर अवलंबून असला की लढाईचा निकाल स्थानिक ताकदीवरच लागतो. मंगळाचा फरक इतकाच की तिथं निरोप लवकर पोचतो, अंतराप्रमाणे एका बाजूला ३ ते २२ मिनिटं, माणसं आणि सामान मात्र त्याच जुन्या चालीनं जाणार.

आणि बोट निदान परत फिरवता तरी येत होती. यान मंगळाच्या वाटेला लागलं की इंजिन बंद असतं, ते सूर्याभोवतीच्या कक्षेत नुसतं वाहत असतं, अर्ध्या वाटेवरून "परत या" म्हणायची सोय नाही. फार तर मंगळाला वळसा घालून घरी यायचं, त्याला एकूण दोन वर्षांच्या आसपास लागतात. समजा निघाल्यावर तीन महिन्यांनी पृथ्वीवर सरकार पडलं आणि नव्या सरकारनं तह केला, तरी ताफा मंगळावर जाणारच, तहाची बातमी खिशात घेऊन आणि बंदुका भरलेल्या. कादंबरीकाराला यापेक्षा चांगलं काय पाहिजे मला माहीत नाही.

आता वजन. मंगळयानाचे आकडे बघा. निघताना १३३७ किलो, त्यातलं सुमारे ८५२ किलो इंधन. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश यान हे यानाला नेण्यासाठीच होतं, शास्त्रीय उपकरणं सगळी मिळून १५ किलोच्या आसपास. यानाचा वेग सेकंदाला आणखी काही मीटरनं बदलायचं इंधन कुणी मागितलं की बैठकीत हमरीतुमरी व्हायची आमच्याकडे, कारण तेवढ्यानं उपग्रहाचं आयुष्य महिन्यांनी कमी होतं. रॉकेटच्या समीकरणाला दयामाया नाही, लागणारा वेग बेरजेनं वाढतो आणि इंधन गुणाकारानं.

ताफ्यात फक्त एक हजार सैनिक धरू. माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्यात अन्न आणि पिण्या-रांधण्याचं पाणी मिळवलं की ढोबळ ५ किलो. अडीचशे दिवसांचे झाले १२५० टन. अख्खं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, म्हणजे आयएसएस, सुमारे ४२० टनांचं आहे, म्हणजे तीन आयएसएसएवढी नुसती शिदोरी, तीही एका बाजूची. पाणी परत परत शुद्ध करून वापरलं तर आकडा खूप खाली येतो, पण मग ती यंत्रं आणि त्यांचे स्पेअर आले. वर शस्त्रं, चिलखत, उतरायची याने. आणि हे सगळं मंगळाच्या कक्षेत नेऊन थांबवायचं आणि परतही आणायचं असेल तर हायड्रोजन-ऑक्सिजनची उत्तम इंजिनं धरूनसुद्धा पृथ्वीच्या कक्षेतून दर टनामागे सहा टन घेऊन निघावं लागतं, टाक्यांचं वजन न धरता.

म्हणून तर माणसाच्या मंगळमोहिमेचे बहुतेक आराखडे परतीचं इंधन मंगळावरच बनवायचं असं गृहीत धरतात, तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि बर्फातून. शांततेच्या काळात हुशारीची गोष्ट आहे. युद्धात याचा अर्थ असा की तुमच्या सैन्याच्या परतीचं तिकीट शत्रूच्या इंधन कारखान्यात आहे, तो कारखाना तुम्हाला एकही ओरखडा न पडता जिंकायचाय, आणि समोरच्याला फक्त एक व्हॉल्व्ह फोडायचाय. जिंकलात तरी तुमचे हजार सैनिक तिथंच राहणार, शत्रूच्याच हवाबंद घुमटात, त्यांचंच अन्न खात. वर्षभरात ते कुणाच्या बाजूचे असतील यावर मी पैज लावणार नाही.

पोचण्याचा क्षण जरा जवळून बघू, कारण सगळ्या प्रवासात ताफा सगळ्यात उघडा तिथंच पडतो. २४ सप्टेंबर २०१४ ला सकाळी मंगळयानाचं मुख्य इंजिन साधारण २४ मिनिटं चाललं आणि यानाचा वेग सेकंदाला १.१ किलोमीटरनं कमी झाला. हे इंजिन त्याआधी जवळपास ३०० दिवस बंद पडून होतं, म्हणून दोन दिवस आधी ते ४ सेकंद चालवून पाहिलं. आज्ञा कित्येक दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या, कारण तिथून सिग्नल यायला बारा मिनिटं, आणि बर्नचा, म्हणजे इंजिन पेटलेलं असतानाचा, बराच वेळ यान मंगळाच्या आडच होतं. हा बर्न ठराविक उंचीवर, ठराविक मिनिटाला झालाच पाहिजे, नाहीतर यान मंगळाला ओलांडून पुढं निघून जातं, मग ते कुणाच्याच कामाचं नाही. ताफ्यालाही तेच. करोडो किलोमीटर मोकळं अवकाश असलं तरी शेवटी सगळ्यांना ग्रहाजवळच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातून, शेपटी पुढं करून, इंजिनं पेटवून जावं लागतं. १६६१ मध्ये कारतलबखानाला शिवाजीराजांनी उंबरखिंडीत गाठलं ते याच न्यायानं, वाट एकच होती आणि ती कुठली ते माहीत होतं. बंडखोरांना तिथं लढाऊ जहाज लागत नाही. त्या वेगात, सेकंदाला ६ किलोमीटर धरा, १ ग्रॅमचा खडा १८ हजार ज्यूल घेऊन आदळतो, लष्करी रायफलच्या पाच गोळ्यांएवढा. वेळ साधून बारीक खडी सोडली की झालं. मधल्या मोकळ्या अवकाशात हीच खडी फेकणं म्हणजे निव्वळ वेडेपणा, एक दाणा लागणार नाही.

गनिमी कावा चालेल का असं कुणीतरी विचारणारच, आपल्याकडे हा प्रश्न टळत नाही. प्रवासात अजिबात नाही. जंगल नाही, डोंगर नाही, धुकं नाही. पाठीमागचं अवकाश उणे २७० अंश सेल्सिअस, तुमचं जहाज आत माणसं जगवायची म्हणून वीस-पंचवीस अंशांवर, ती उष्णता बाहेर टाकावीच लागते आणि इन्फ्रारेड दुर्बिणीला ती दिसते. इंजिन पेटलं तर विचारूच नका. व्हॉयेजर १ चा ट्रान्समीटर वीस-बावीस वॅटचा, आपल्या घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कमी, आणि तो २४०० कोटी किलोमीटरहून लांबून आपण आजही ऐकतो. मंगळाच्या पृष्ठभागावर मात्र लपायला जागा आहे, लाव्हाच्या गुहा आहेत, पण तिथल्या मावळ्याला डोंगर फुकट मिळाला तरी हवा फुकट मिळत नाही.

शस्त्रांबद्दल लोक फार विचारतात, त्यात मला तितका रस नाही, म्हणून भराभर. लेझर: १ मीटरचा आरसा आणि १ मायक्रॉनची तरंगलांबी घेतलीत तर हजार किलोमीटरवर ठिपका अडीच मीटरचा, ठीक आहे, पण पृथ्वीवरून मंगळावर, ग्रह अगदी जवळ असतानाही, तो ठिपका सव्वाशे किलोमीटरहून मोठा होतो, भौतिकशास्त्राचाच नियम आहे, पैसे टाकून सुटत नाही. अणुबॉम्ब: निर्वातात स्फोटाची लाट नसते, क्ष-किरणांचा मारा असतो, आणि तो पृथ्वीजवळ फोडलात तर स्वतःचेच उपग्रह जातात, अमेरिकेनं जुलै १९६२ मध्ये ४०० किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम चाचणी केली तेव्हा १४०० किलोमीटरवरच्या होनोलुलूतले रस्त्यावरचे काही दिवे गेले आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह मेले. तोफ: सोव्हिएतांनी सॅल्यूत-३ या अंतराळ स्थानकावर २३ मिलिमीटरची खरी तोफ बसवली होती, जानेवारी १९७५ मध्ये स्टेशन रिकामं असताना जमिनीवरून चालवूनही पाहिली. आणि १९८७ मध्ये त्यांनी पोल्यूस नावाचं भलंमोठं लढाऊ यान सोडलं, त्यानं १८० अंश वळायचं होतं, ते ३६० अंश वळलं, इंजिन उलट्या दिशेनं पेटलं आणि यान सरळ प्रशांत महासागरात. शत्रूची गरजच पडली नाही.

लघुग्रह ढकलून पृथ्वीवर टाकू हा कादंबऱ्यांतला आवडता धाक. नासाच्या डार्ट यानानं सप्टेंबर २०२२ मध्ये १६० मीटरच्या डायमॉर्फसला सेकंदाला ६ किलोमीटरच्या वेगानं धडक दिली, त्यानं त्याचा वेग बदलला सेकंदाला २.७ मिलिमीटरनं. म्हणजे काम दशकांचं, ते सगळ्यांना दिसणार, आणि तुम्ही जितकं ढकलाल तितकं समोरचा परत ढकलेल. बाजारात तुरी.

चंद्राचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिथून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर पुरतात आणि दगड पृथ्वीवर पडतो ११ किलोमीटरच्या वेगानं, म्हणजे दर किलोमागे साडेचौदा किलो टीएनटी. हजार टन दगड फेकलात तर हिशोबानं एका हिरोशिमाएवढं होतं, आणि ते फेकायला लागते साधारण ८ लाख युनिट वीज, आपल्या कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या एका संचाची सव्वा तासाची. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं. दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे वातावरण: चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला वीस मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटरनं आला, तो तीसेक किलोमीटर वरच फुटला आणि खाली मुख्यतः काचा फुटून दीड हजार लोक जखमी झाले, त्यामुळे साधा टनभराचा दगड उपयोगाचा नाही, उष्णतारोधक कवचाचा जड दांडा लागेल. दुसरं म्हणजे चंद्र तीन दिवसांवर आहे. कुठल्याही आठवड्यात निघा, विंडोची वाट बघायला नको, निरोपाला सव्वा सेकंद. चंद्र मारू शकतो, पण त्याला उलट मारणंही तितकंच सोपं, आणि घुमट त्याचे आहेत.

आणि पृथ्वीभोवतीच्या स्टेशननं बंड केलं तर? ते युद्ध बघायचं असेल तर फार लांब जायला नको. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या अंतराळ संस्थेचे प्रमुख रोगोझिन यांनी जाहीरपणे म्हटलं की आमचं सहकार्य बंद झालं तर हे ५०० टनांचं स्टेशन कुणावर पडेल, भारतावर आणि चीनवरही पडू शकतं. गंमत बघा, आपण त्या स्टेशनात भागीदारसुद्धा नाही. पण झालं काय? काहीच नाही. कारण स्टेशनची उंची टिकवायची इंजिनं मुख्यतः रशियन भागात, आणि त्या भागाला लागणाऱ्या विजेतली बरीचशी अमेरिकन भागातून येते. एकमेकांची मानगूट दोघांच्याही हातात होती, म्हणून कुणी आवळली नाही. त्याच दिवशी पहाटे मात्र व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेटचे हजारो मोडेम हॅक होऊन बंद पडले, युक्रेनला लक्ष्य करून केलेला हल्ला, आणि जर्मनीत ५८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण गेलं. मला विचाराल तर ग्रहांमधलं पहिलं युद्ध असंच असेल, घुमटातल्या हवेच्या यंत्राला पृथ्वीवरून गेलेला एक सॉफ्टवेअर अपडेट. त्याला विंडो लागत नाही, इंधन लागत नाही, २२ मिनिटांत पोचतो.

त्यामुळे तुमच्या पाच लाखांच्या वसाहतीला मी विचारेन ते हे की सुटे भाग कोण बनवतं? पर्सिव्हरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं, मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढणारं, २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवून त्यानं एकूण १२२ ग्रॅम काढला, एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास. तंत्र चालतं हे सिद्ध झालं, ठीक, दीडशे वर्षांत त्याचे कारखाने होतील हेही मान्य. पण त्या कारखान्यांचे सेन्सर, सील, बेअरिंग, उत्प्रेरक, कंट्रोलरमधल्या चिपा? आज पृथ्वीवर सगळ्यात प्रगत चिपा छापणारी यंत्रं नेदरलँडची एकच कंपनी बनवते, आठशे कोटी माणसांच्या ग्रहावर एकच. पाच लाख माणसांत औषधांपासून चिपांपर्यंत सगळं उभं राहायला किती पिढ्या लागतील ते तुम्हीच ठरवा. तोवर पृथ्वीला सैन्य पाठवायची गरजच नाही, पुढच्या विंडोला मालवाहू यान रद्द केलं की पुरे, आणि त्याच्या पुढच्या विंडोला पुन्हा. आणि ज्या दिवशी मंगळ सगळं स्वतः बनवू लागेल त्या दिवशी नाकेबंदीही निकामी आणि ताफ्याचं गणित वर दिलंच आहे.

कायद्याचं एक वाक्यात: १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार यान आणि त्यातली माणसं नोंदणी करणाऱ्या देशाच्या अधिकारात राहतात आणि खाजगी कंपन्यांची जबाबदारीही देशावरच, त्यामुळे कागदावर तुमचं बंड "मंगळ विरुद्ध पृथ्वी" नसून पाच-सहा देशांची पाच-सहा वेगवेगळी अंतर्गत भांडणं असतील, आणि ते देश आपसात एकमत करून ताफा पाठवतील हे मला रॉकेटपेक्षा अवघड वाटतं.

कादंबरीपुरतं सांगायचं तर बंड विंडो संपल्यावर करा, त्याआधी दहा वर्षं वसाहतीतले स्टोअरकीपर गुपचूप सुट्या भागांचा साठा करतायत असं दाखवा, आणि ताफ्याऐवजी घुमटातलीच फूट मुख्य ठेवा, कारण पाच लाखांतले लाखभर तरी पृथ्वीशी एकनिष्ठ असणारच आणि हवेची खोली एकच आहे. तिथं गोळीबार दाखवायला हरकत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आयएसएसला जोडलेल्या सोयूझ यानाला २ मिलिमीटरचं भोक सापडलं, दाब हळूहळू उतरत होता, रात्री कळलं तरी झोपलेल्यांना लगेच उठवलं नाही, सकाळी शोधून इपॉक्सीनं बुजवलं. मोठ्या घुमटाला गोळीच्या भोकानं कित्येक तास, कदाचित दिवस काही होत नाही. भोकातून माणसं बाहेर ओढली जातायत असं प्रकरण लिहून झालं असेल तर ते काढा.